भिंतीवरील रेघ

सन २०२४ च्या जून महिन्यांत, शाळा उघडून दोनच आठवडे झाले असतां, आम्हीं नववीच्या वर्गास निबंधासाठीं ‘आमचें घर’ हा विषय दिला. विषय जुनाच; परंतु जुन्या विषयांत एक गुण असतो. मुलांनीं आपल्या डोळ्यांनीं काय पाहिलें आणि दुसऱ्याच्या वहींतून काय उतरलें, हें त्यांत लागलीच कळून येतें. बेचाळीस वह्या जमा झाल्या. कोणी घराची लांबीरुंदी दिली, कोणी अंगणांतील आंबा वर्णिला, कोणी नव्या दूरदर्शनसंचाचा थाट सांगितला. एका मुलीच्या वहींत मात्र असें होतें: “आमच्या घरांत माजघरापासून न्हाणीपर्यंत भिंतीवर एक काळी रेघ आहे. ती आजीच्या हाताची आहे.” एवढें सांगून ती पुढें त्या रेघेचेंच वर्णन करीत गेली होती. घराचीं दारें, खिडक्या, अंगण यांस तिनें हातही लाविला नव्हता. आम्हीं लाल शाईनें समासांत लिहिलें, ‘विषयांतर. घराचें वर्णन करावें’. आणि दहांपैकीं चार गुण देऊन वही मिटली.

त्या लाल अक्षरांची कथा सांगण्यासाठीं हा लेख आहे. ती आमच्या लौकिकास शोभणारी नाहीं. परंतु शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडत असेल, तर ती झांकून ठेवण्यांत अर्थ तो काय?

आमच्या मातोश्रींचें वय त्या वेळीं ७८ वर्षांचें होतें. मिशनच्या एका रुग्णालयांत परिचारिका म्हणून त्यांनीं पस्तीस वर्षें काढलीं. पडलेल्यांस उचलणें, मोडलेल्यांस बांधणें आणि खाटेस खिळलेल्यांस पुन्हा पायांवर उभें करणें, हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय. त्यामुळें त्या स्वतः कधीं पडतील ही कल्पना आमच्या आणि बहुधा त्यांच्याही मनास शिवली नव्हती.

आमचें घर अहिल्यानगर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आहे. आजोबांनीं बांधलेलें, दगडी जोत्याचें, शहाबादी फरशीचें. माजघरांतून मागील पडवींत उतरावयास दोन पायऱ्या, पडवीच्या टोकास न्हाणीघर व शौचकूप, आणि प्रत्येक दारास चार बोटें उंच उंबरठा. हा उंबरठा कोणीं उगाच घातलेला नव्हे. पावसाचें पाणी, धूळ आणि विंचूकाटा घरांत येऊं नये म्हणून आपल्या पूर्वजांनीं तो योजिला, व त्यांच्या काळीं तें शहाणपणच होतें. परंतु जो उंबरठा विंचवास अडवितो तोच म्हाताऱ्या पायासही अडवितो. वय झाल्यावर पाऊल जमिनीपासून पुरतें उचललें जात नाहीं. तें घासत घासत पुढें सरकतें. शिवाय आमच्या न्हाणीघरासमोरील फरशी नेहमीं ओली राही, म्हणून आम्हींच तेथें जुन्या लुगड्याची घडी करून पायपोस टाकिलें होतें. ओल्या गुळगुळीत फरशीवर सैल कापड म्हणजे काय, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत, एका पावसाळी पहाटे चारच्या सुमारास, मातोश्री उठल्या. वीज गेली होती. घर अंगवळणीं पडलेलें, तेव्हां दिवा कशास हवा, अशा समजुतीनें त्या अंधारांतून निघाल्या. दोन्ही पायऱ्या नीट उतरल्या. न्हाणीघराच्या दाराशीं मात्र पायपोस पायाखालून सरकलें आणि त्या उजव्या हातावर कोसळल्या. आम्ही साडेपांच वाजतां पाणी भरावयास उठलों, तेव्हां त्या ओल्या फरशीवर भिंतीस पाठ टेकून, मोडलेला हात मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. दीड तास त्या तशाच बसून होत्या. “आई, हांक कां नाहीं मारलीस?” असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “तुला सकाळची शाळा, पोरांना परीक्षा. म्हटलें, झोपूं द्यावें.”

आम्ही त्यांस काखेंत हात घालून उचलावयास धांवलों, तों त्यांनींच आम्हांस थांबविलें. “आधीं माझे पाय पाहा,” त्या म्हणाल्या, “एक पाय आंखूड दिसतो कां? बाहेर वळलाय कां? नाहीं ना? मग खुबा शाबूत आहे. आतां खुर्ची आण, आणि मी सांगतें तसें कर.” पडलेल्या मनुष्यास एकदम ओढून उभें करूं नये, ही गोष्ट आम्हीं त्या दिवशीं मोडलेल्या हाताच्या परिचारिकेपासून शिकलों.

मनगटाचें हाड मोडलें होतें. सहा आठवडे प्लास्टर घालावें लागलें. डॉक्टर म्हणाले, “हातावर निभावलें ही देवाची कृपा.” तें खरेंच होतें. म्हातारपणीं हाडें पोकळ व ठिसूळ होतात, आणि खुबा मोडला तर पुष्कळांस शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीसारखें चालतां येत नाहीं. पण त्या कृपेनें आमचा अपराध मात्र धुऊन निघाला नाहीं. न्हाणीघरांत धरावयास कांहीं तरी बसवावें, म्हणून सुताराशीं आमचें बोलणें तीन वर्षें चाललें होतें. कधीं तो आला नाहीं, कधीं आम्हांस सवड झाली नाहीं. त्या तीन वर्षांत शास्त्राच्या तासास आम्हीं पांचवी आज्ञा तीनदां शिकविली, आणि आईबापांचा मान राखणें म्हणजे काय याचीं उदाहरणें फळ्यावर लिहून दिलीं. त्या यादींत सुतारास बोलावणें हें उदाहरण नव्हतें.

मनुष्य चुकला म्हणजे ती चूक भरून काढण्याच्या भरांत दुसरी करितो. पुढील शनिवारीं आम्हीं कंबर कसून घराची सुधारणा आरंभिली. मातोश्रींचा पलंग माजघरांतून पुढच्या खोलींत आणिला. त्यांची जुनी पत्र्याची पेटी माळ्यावर चढविली. मागील दारास कुलूप घातलें. मोगऱ्यास पाणी घालणें बंद, चहा करणें बंद, रविवारीं उपासनेस चालत जाणें बंद. त्यांस जें जें लागेल तें तें जागेवर आणून द्यावें, असा घरांतील मुलांस हुकूम केला. आपण आज्ञाधारक पुत्र झालों, असें वाटून आम्हांस त्या रात्रीं शांत झोप लागली.

मातोश्री चार दिवस कांहीं बोलल्या नाहींत. पांचव्या दिवशीं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्या म्हणाल्या, “अरे, सर्वांत सुरक्षित जागा आपल्या कबरस्थानांत आहे. तेथें कोणी पडत नाहीं. मला इतक्यांतच तेथें कां ठेवतोस?” आम्ही निरुत्तर झालों. त्या पुढें म्हणाल्या, “वॉर्डांत शिकायला येणाऱ्या पोरींना आम्ही पहिल्या दिवशीं एक गोष्ट सांगत असूं. पेशंटला विचारल्यावांचून त्याची उशीसुद्धां हलवायची नाहीं. तूं तर माझें सगळें घर हलविलेंस.”

हें बोलणें नुसतें मनाचें दुखणें म्हणून सोडून देण्याजोगें नव्हतें. चालणें बंद झालें कीं मांड्यांचें बळ जातें. बळ गेलें कीं तोल जातो. तोल गेला कीं पडण्याची भीति वाढते, आणि भीति वाढली कीं मनुष्य आणखी कमी चालतो. वृद्धास पडूं नये म्हणून बसवून ठेवणें म्हणजे त्याच्या पुढच्या पडण्याची तयारी करणें होय. घर सुरक्षित करावयाचें तें वृद्धांनीं त्यांत बसून राहावें म्हणून नव्हे. त्यांनीं त्यांत चालत राहावें म्हणून. हें ज्यास कळलें नाहीं, तो आमच्याप्रमाणें कुलपें विकत घेतो.

आम्हीं कुलपाची किल्ली त्यांच्या डाव्या हातांत ठेविली, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांच्यासह घरांतून चालावयाचें ठरविलें. पलंग रात्रींच जुन्या जागीं आणिला होता. त्या पुढें, आम्ही मागें वही घेऊन, आणि सर्वांच्या मागें विजेरी धरून आमचा धाकटा मुलगा, अशी ती मिरवणूक निघाली. त्यांनीं आम्हांस बजाविलें, “तुझ्या पायांनीं चालूं नकोस, माझ्या पायांनीं चाल.” विजेरीचा उजेड भिंतीवर तिरपा पडला, आणि आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पायऱ्यांपर्यंत, तेथून पडवीभर न्हाणीघराकडे, कमरेच्या किंचित् वर, भिंतीवर एक मळकट रेघ गेली होती.

आम्हांस ती रेघ नवीन नव्हती. दर नाताळास आम्ही भिंतींस चुना देत असूं. प्रत्येक वेळीं ती रेघ दोन हातांच्या चुन्याखालीं नाहींशी होई, आणि ‘आतां कसें घर उजळलें!’ असें आम्ही म्हणत असूं. ईस्टरपर्यंत ती पुन्हा उमटत असे. ती कशाची, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. आतां विजेरीच्या उजेडांत ती नीट पाहिली. जेथें हात नुसता फिरत होता तेथें ती फिकट होती. आणि जेथें हातावर भार पडत होता तेथें काळसर डाग पडले होते. दाराच्या चौकटीशीं एक, पायऱ्यांच्या तोंडाशीं एक, न्हाणीघराच्या अलीकडे सर्वांत मोठा. आधार कोठें पाहिजे, किती उंचीवर पाहिजे आणि कोठें अधिक बळकट पाहिजे, याचा संपूर्ण नकाशा मातोश्रींच्या हातानें कित्येक वर्षें त्या भिंतीवर काढून ठेविला होता, आणि दर वर्षीं तो आम्हीं स्वतः पुसून टाकीत होतों.

त्याच क्षणीं आम्हांस ती लाल शाई आठवली. परंतु त्याविषयीं शेवटीं सांगूं.

त्या पहाटेच्या वहीवरून पुढें जें केलें तें येथें देतों, कारण पुष्कळांच्या घरीं त्याची गरज असेल. प्रथम त्या रेघेवरच लांकडी दांडी बसविली. ती मुठींत मावेल अशी, सुमारें तीनचार सेंटिमीटर जाडीची आणि गोल असावी. भिंतीपासून बोटें आंत जातील इतकें अंतर असावें. पण हात आंत अडकेल इतकें नसावें. जेथें तीन डाग होते तेथें, आणि न्हाणीघरांत व शौचकूपाशीं, लोखंडी दांड्या गवंड्याकडून भिंतींत पक्क्या करविल्या. आमची भिंत जुनी, तिच्या मातींत खिळा धरीना. म्हणून मागें फळी देऊन आरपार बोल्ट घालावे लागले. टॉवेल वाळत घालण्याची दांडी आधारास कधीं धरूं देऊं नये. ती टॉवेलासाठीं केलेली असते, मनुष्याच्या भारानें ती भिंतींतून निघून येते. पांढऱ्या भिंतीवर पांढरी दांडी दिसत नाहीं, म्हणून आमच्या दांड्यांस गडद तांबडा रंग दिला.

दोन पायऱ्यांत एक सहा इंचांची व दुसरी साडेआठ इंचांची निघाली. आम्हीं चाळीस वर्षें त्या चढल्या-उतरल्या, पण मोजिल्या त्याच दिवशीं. पाय पहिल्या पायरीवर उंची शिकतो आणि दुसरीही तेवढीच असेल असें धरून चालतो. म्हणून उंच पायरीपेक्षां असमान पायरी अधिक वाईट. गवंड्यानें त्या सारख्या केल्या, आणि त्यांच्या कडेस पिवळा पट्टा ओढला. न्हाणीघराचा उंबरठा काढून तेथें उतार केला. उतार करितांना एक भाग उंचीस बारा भाग लांबी धरावी. त्याहून उभा उतार म्हणजे घसरगुंडीच. पाणी बाहेर येऊं नये म्हणून आंतील फरशीचा कल मोरीकडे वळविला. पायपोस काढून टाकिलें. फरशीवरचें शेवाळ आतां दर शनिवारीं खरखरीत ब्रशानें घासून काढितों. स्नानास बसण्यासाठीं बुटका पाट होता, त्यावरून उठतांना गुडघ्यांस कष्ट होत. त्याजागीं पायांस रबर लाविलेलें उंच स्टूल ठेविलें. बादलींत आधीं थंड पाणी व मग ऊन पाणी घालावयाचा नियम केला, कारण म्हातारी कातडी पातळ असते आणि ६० अंश उष्णतेचें पाणी तिला कांहीं सेकंदांत भाजतें. न्हाणीघराचें दार आंत उघडत असे. आंत मनुष्य पडला तर तोच दारास अडसर होतो. म्हणून तें बाहेर उघडेल असें केलें, आणि आंतील कडी काढून दारावर ‘आंत कोणी आहे’ अशी पाटी अडकविण्यास खुंटी ठोकली.

उजेडाविषयीं एक गोष्ट विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. साठीच्या मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्यावर विशींतील मनुष्याच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. ‘आजोबा, एवढा उजेड आहे कीं!’ असें तुम्ही म्हणतां तेव्हां तुम्ही तुमच्या डोळ्यांचा उजेड सांगत असतां. आम्हीं पलंगावरून हात पोहोंचेल असें एक बटन बसविलें, पडवींत रात्रभर तेवणारा लहान दिवा लाविला, आणि वीज गेली असतां आपोआप लागणारा एक दिवा न्हाणीघराशीं ठेविला. पलंगाचे पाय कापून त्याची उंची गुडघ्याइतकी केली, म्हणजे बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीस पुरते टेकतात. उशाशीं पितळेची घंटा ठेविली आहे, आणि मातोश्रींच्या गळ्यांत दोरीला एक शिटी असते. परीक्षा असो वा नसो, ती वाजवावयाची, असें त्यांजकडून वचन घेतलें आहे.

घराइतकेंच देहाकडेही पाहावें लागतें. निजलेल्या मनुष्यानें एकदम उठून उभें राहिलें असतां वृद्धापकाळीं रक्तदाब उतरतो व भोंवळ येते. म्हणून उठून मिनिटभर पलंगावर बसावें, घोटे हलवावे, मग उभें राहावें. झोपेचीं आणि रक्तदाबाचीं औषधें यांनींही तोल जाऊं शकतो. तीं आपल्या मनानें बंद न करितां सर्व गोळ्या एका पिशवींत घालून डॉक्टरांस दाखवाव्या. दोन भिंगांच्या चष्म्यानें पायरी उतरतांना खालचें अंधुक दिसतें. हें ज्यास सांगितलेलें नसतें तो आपल्या पायांस दोष देतो. काठीस मातोश्री आरंभीं तयार नव्हत्या. “काठी घेतली म्हणजे लोक म्हणतील, बाई म्हाताऱ्या झाल्या,” हें त्यांचें कारण. शेवटीं नातवानें त्यांचा हात खालीं सोडून मनगटाच्या घडीपर्यंत माप घेतलें, तेवढीच काठी कापून तिला रबरी टोपण बसविलें, तेव्हां त्यांनीं ती घेतली. आतां रोज सकाळीं त्या दांडीस धरून दहा वेळां खुर्चीवरून उठतात आणि बसतात. पायांचें बळ व तोल वाढविणाऱ्या अशा नियमित व्यायामानें पडण्याचें प्रमाण कमी होतें, हें आतां सिद्ध झालें आहे.

या सर्वांस जो पैसा लागला, तो आमच्या मुलानें मागितलेल्या मोबाइलच्या किमतीहून कमी होता. आम्हांस तीन वर्षें अडली होती ती पैशाची गोष्ट नव्हतीच.

ही केवळ आमच्या एका घराची कथा असती तर येथें सांगितली नसती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें ६ लक्ष ८४ हजार माणसें पडून मरण पावतात, आणि त्यांत साठ वर्षांवरील माणसांचा भरणा सर्वांत अधिक असतो. आपल्या देशांत सन २०११ च्या जनगणनेच्या वेळींच साठीच्या पुढील माणसें १० कोटींहून अधिक होतीं. सन २००७ मध्यें आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा व कल्याणाचा कायदाही झाला. पण न्हाणीघराच्या उंबरठ्यापर्यंत कोणताही कायदा चालत येत नाहीं. तेथें घरच्या माणसासच जावें लागतें.

पवित्र शास्त्रांत मात्र एक नियम थेट घराच्या गच्चीपर्यंत गेला आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे कीं, नवें घर बांधणारानें गच्चीस कठडा करावा, नाहीं तर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशांतील घरांस सपाट धाबीं असत. लोक त्यांवर निजत, धान्य वाळवीत, अंबाडी पसरीत. राहाबेनें हेरांस धाब्यावरच लपविलें, आणि पेत्र प्रार्थनेसाठीं धाब्यावरच चढला. म्हणून हा नियम. आम्हीं तो कैक वेळां वाचला होता आणि जुन्या काळाचा म्हणून पान उलटलें होतें. आतां वाचितांना त्यांतील एक गोष्ट ध्यानांत येते. कोणी पडल्यावर काय करावें एवढेंच तो सांगत नाहीं. कोणी पडण्याच्या आधींच तो घरधन्यास जबाबदार धरितो. तीन वर्षें न आलेल्या सुतारावर त्या नियमांत भार टाकितां येत नाहीं. पहिल्या शमुवेलांत वृद्ध याजक एली वेशीपाशीं आसनावरून मागें पडून मान मोडून मेला, असें आहे. त्याचें वय तेव्हां ९८ वर्षांचें होतें, डोळे गेले होते आणि शरीर जड झालें होतें. वर्गांत ही कथा आम्ही त्याच्या पुत्रांच्या पापासाठीं शिकवितों, आणि तशीच ती शिकविली पाहिजे. परंतु हल्लीं ती शिकवितांना, त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या पाठीमागें कोणी उभें नव्हतें, हेंही आमच्या मनांत येतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्याकडे वळतों. हें काम मोठ्यांचें, असें म्हणून मोकळें होऊं नका. शाळेंतून आल्यावर तुमचें दप्तर कोठें पडतें? दारांत. बूट कोठें? जिन्याच्या खालच्या पायरीवर. मोबाइलची तार कोठून कोठें गेलेली असते? आजीच्या खुर्चीसमोरून. या तीन गोष्टी उचलण्यास सुतार लागत नाहीं. दुसरें, एक खेळ खेळून पाहा. संध्याकाळीं एकच दिवा ठेवून, डोळ्यांवर पातळ पांढरें फडकें बांधून, भावंडाचा हात धरून आजोबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत त्यांच्याच गतीनें जा. जिन्यावर मात्र हा खेळ खेळूं नका. तुमचा दुसरा हात जेथें जेथें आपोआप भिंतीकडे जाईल, तेथें खडूनें खूण करा. तिसरें, कोणी पडल्याचें पाहिलें तर ओढूं नका. जवळ बसा, नांवानें हांक मारा, कोठें दुखतें तें विचारा. शुद्ध नसेल, डोक्यास मार असेल, किंवा एक पाय आंखूड व बाहेर वळलेला दिसेल, तर जागचें न हलवितां पांघरूण घाला आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि सर्वांत महत्त्वाचें, खडूच्या खुणा झाल्यावर आजीआजोबांस विचारा. त्यांस विचारल्यावांचून त्यांची उशीसुद्धां हलवूं नका.

आतां त्या वहीची गोष्ट. पहाटेच्या त्या मिरवणुकीनंतर आम्ही शाळेंत गेलों, आणि त्या मुलीस वही घेऊन बोलाविलें. ती भीत भीतच आली. आम्हीं तिच्यासमोर ‘विषयांतर’ हा शब्द खोडला आणि खालीं लिहिलें, ‘बेचाळीस निबंधांत घराचें वर्णन याच एका निबंधांत आहे.’ गुण चाराचे नऊ केले. एक गुण शुद्धलेखनासाठीं राखून ठेविला, कारण शिक्षकानें सर्वच शस्त्रें खालीं ठेवूं नयेत. मग तिला विचारलें, “तुमच्या त्या रेघेवर एक दांडी बसविली तर?” ती म्हणाली, “बाबांना सांगतें, सर.” आम्हीं म्हटलें, “बाबांना मागाहून. आधीं आजींना विचार.”

आठ दिवसांनीं मधल्या सुट्टींत ती धांवत आली आणि म्हणाली, “सर, आजीला विचारलें. ती म्हणाली, रेघ आहे तिथें नको. आतां ती वांकली आहे, दांडी चार बोटें खालीं हवी.”